लँडलाइन मोबाईलने मारला, हे अर्धंच खरं

मा. संपादक,

परवा लाइट गेली तेव्हा शेजारच्या काकू दारात आल्या, म्हणाल्या भाऊ तुम्ही टेलिफोनमधले ना, बघा जरा, फोनला टोनच नाही. गेल्याच महिन्यात जुनी तांब्याची लाइन काढून त्यांनी फायबर घेतलंय. मी म्हटलं फोनला काही झालेलं नाही, लाइट येऊ द्या. त्यांना ते पटेचना, कारण इतकी वर्षं लाइट गेली की त्या मेणबत्ती लावून लँडलाइनवरूनच लाइटची कंप्लेंट करायच्या.

हल्ली लँडलाइनच्या आठवणी खूप छापून येतात, काळा डबा, शेजाऱ्यांचा पीपी नंबर (फोन त्यांचा, बोलावणं आपल्याला), ऑपरेटरकडून लावून घ्यायचा ट्रंक कॉल, त्यातल्या सगळ्यात तातडीच्या लाइटनिंग कॉलला साध्याच्या आठपट पैसे वगैरे. वाचायला मजा येते पण शेवट ठरलेला, मोबाईल आला आणि लँडलाइन संपला. अहो १८८२ साली मुंबई, कलकत्ता, मद्रासला एक्स्चेंज सुरू झाली तरी स्वातंत्र्य मिळालं तेव्हा अख्ख्या देशात फोन होते ८० हजारांच्या आसपास. लखनौ-कानपूर एसटीडी, म्हणजे ऑपरेटरशिवाय थेट परगावी फोन, सुरू झाली १९६० ला. खरा वेग आला तो १९८४ ला सी-डॉट ही सरकारी टेलिफोन संशोधन संस्था निघाल्यावर, सॅम पित्रोदांच्या टीमने १२८ लाइनचं छोटं एक्स्चेंज बनवलं जे एसीशिवाय खेड्यातल्या खोलीत चालायचं. मोबाईल आला १९९५ ला, आणि लँडलाइन त्याच्यानंतरही दहाएक वर्षं वाढतच होते की! २००६ च्या सुमारास ५ कोटींपर्यंत गेले, मग उतरले ते २०२० पर्यंत २ कोटींवर.

मधल्या काळात काय झालं ते जमिनीखाली बघा. जुन्या केबलमध्ये प्रत्येक तारेला कागद गुंडाळलेला असायचा, त्यात ओल जाऊ नये म्हणून एक्स्चेंजमधून कंप्रेसरने कोरडी हवा भरायची. कोणी पाइपलाइनसाठी खणलं, कोणी रस्त्यासाठी, जेसीबीचा एक दात लागला की शेकडो फोन डेड आणि भोकातून पाणी आत. खड्ड्यात बसून एकेक पेअर, म्हणजे एका फोनच्या दोन तारांची जोडी, शोधून जॉइंट मारायचा, त्यात कोणाच्या फोनची रिंग वाजली की हाताला असा झटका बसायचा की बस. वेळ नसला की आम्ही सरळ खराब पेअर सोडून त्या गिऱ्हाइकाला दुसऱ्या पेअरवर टाकायचो, आमचीही चूक होतीच, कारण असं करत करत एक दिवस केबलमध्ये चांगला पेअरच शिल्लक राहिला नाही. लोक १९८ या कंप्लेंटच्या नंबरला फोन लावून लावून कंटाळले आणि फोन सरेंडर केले. खिशात मोबाईल होताच म्हणून जड गेलं नाही एवढंच. नंतर तर जॉइंट मारणारी माणसंही गेली, २०२० च्या व्हीआरएसमध्ये (स्वेच्छानिवृत्तीत) एकट्या बीएसएनएलमधून ७८ हजारांहून जास्त लोक एकदम बाहेर पडले.

आता फायबरमुळे लँडलाइन परत वाढतायत, चांगलंच आहे, आवाज स्वच्छ येतो, पावसात खरखर नाही. पण तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजच्या बॅटरीचे ४८ व्होल्ट घरापर्यंत यायचे, म्हणून गावात अंधार असला तरी फोन चालू. फायबर म्हणजे काच, त्यातून करंट येत नाही, फोन चालतो घरातल्या लाइटवरच्या राउटरवर, तो बंद पडला की फोन बंद. हे जोडायला येणारा पोरगा सांगत नाही, बऱ्याचदा त्यालाच माहीत नसतं. म्हातारी माणसं एकटी राहतात, मोबाईल चार्ज करायचा राहून गेला आणि रात्री लाइट गेली तर डॉक्टरला बोलवायचं कशावरून?

माझं एवढंच म्हणणं आहे की फायबरचा फोन देताना तो लाइटशिवाय चालणार नाही हे फॉर्मवर मोठ्या अक्षरात मराठीत लिहा, आणि ज्येष्ठ नागरिकांच्या घरी राउटरसोबत छोटा यूपीएस बसवणं कंपन्यांना सक्तीचं करा. काकूंकडे मी कालच एक बसवून आलो, आता लाइट गेली की टोन येतो का ते एकदा बघायचंय.

– एक निवृत्त लाइनमन