तपासण्यांविषयी थोडे सविस्तर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर आईने विचारले, "इंजेक्शन घेतोस खरा, पण पुढे कोणी लक्ष ठेवते का?" आई, मला मुलगी समजून 'घेतेस' न म्हणता तू पहिल्यांदाच 'घेतोस' म्हणालीस, ते दिवसभर मनात राहिले, प्रश्नाचे उत्तर मात्र नीट देता आले नाही, म्हणून लिहीत आहे.

लक्ष ठेवले जाते, आणि तेही पहिल्या इंजेक्शनच्या आधीपासून. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे इंजेक्शनातले पुरुषी संप्रेरक, सुरू करण्यापूर्वी हिमोग्लोबिन, कोलेस्टेरॉल, साखर, यकृत आणि रक्तदाब तपासून नोंद केली, कारण पुढे काय बदलले हे त्या आकड्यांशी ताडूनच कळते. पहिले वर्षभर दर तीन महिन्यांनी तपासणी आहे, नंतर वर्षातून एक-दोनदा. माझे इंजेक्शन दर दोन आठवड्यांनी असते, म्हणून रक्त दोन इंजेक्शनांच्या मध्यावर द्यायचे. तेव्हा टेस्टोस्टेरॉन डेसिलिटरमागे ४०० ते ७०० नॅनोग्रॅम असावे, असे पाहतात.

सर्वांत जास्त जपायचे ते रक्ताच्या दाटपणाला. शाळेत असताना माझे हिमोग्लोबिन कमी भरायचे म्हणून आई रोज गूळ-शेंगदाण्याचा लाडू हातावर ठेवायची. आता काळजी नेमकी उलटी आहे. या औषधाने तांबड्या पेशी वाढतात, आणि रक्तातील त्यांचे प्रमाण, म्हणजे हिमॅटोक्रिट, ५४ टक्क्यांच्या वर गेले तर डोस कमी करावा किंवा काही काळ थांबवावा लागतो. सिगारेटने ते आणखी वाढते, म्हणून ती मी पूर्ण सोडली आहे, हे बाबांना मुद्दाम कळवतो. लॅबमध्ये माझी नोंद अजून 'स्त्री' अशी असल्याने रिपोर्टवर हिमोग्लोबिनचा आकडा कधी जास्त म्हणून ठळक छापून येतो. डॉक्टर तो पुरुषांच्या मर्यादेशी ताडतात, तेव्हा तो पाहून घाबरू नका.

एक माहिती मात्र तुमच्याशिवाय कोणी देऊ शकणार नाही. आजोबांना पक्षाघात कितव्या वर्षी झाला, बाबांचे कोलेस्टेरॉल कधीपासून वाढले, मावशीच्या स्तनातील गाठीचे निदान काय होते, हे आठवून लिहून पाठवा. आपल्या घरात आजारांविषयी दबक्या आवाजात बोलण्याची रीत आहे, पण माझ्या डॉक्टरांना हे सारे स्पष्ट कळायला हवे. स्तनांची आणि गर्भाशयमुखाची तपासणी मलाही चुकलेली नाही.

पुढची तपासणी दिवाळीनंतरच्या सोमवारी आहे. आई, तू सोबत आलीस तर तुझा प्रश्न डॉक्टरांना तूच विचार. रक्त सकाळी उपाशीपोटी द्यायचे आहे, तेव्हा आदल्या रात्रीच मुक्कामाला ये.

तुमचा मुलगा