'कुठल्याही खोलीला चालणारा' रंग

मा. संपादक,
स. न.

आपल्या पुरवणीतला दिवाळीच्या रंगकामावरचा लेख वाचला. फिकट राखाडी आणि मोतिया हे दोन रंग कुठल्याही खोलीला चालतात, असं त्यात म्हटलंय. परभणीत 22 वर्षं रंगाचं काम करतोय. त्या 'कुठल्याही'वर माझी हरकत आहे.

गेल्या दिवाळीआधी वसमत रोडला एका घरातली मधली खोली राखाडी केली. गिऱ्हाइकानं शेड कार्डावरून, दुकानातल्या ट्यूबखाली पसंत केलेली. खोलीला खिडकी एकच, उत्तरेची, समोर लिंबाचं झाड. दुसरा हात वाळला तशा घरातल्या आजी आत आल्या. भिंतीवर तळहात फिरवत म्हणाल्या, "आजून वल्लीच हाय की रं." भिंत तर कोरडीठाक होती. पण दिवाळीच्या दिवसांत उत्तरेकडून ऊन येत नाही, येतो तो आभाळाचा निळसर उजेड. त्यात राखाडी आणखी निळी पडते, ओल धरल्यासारखी दिसते. शेवटी तीच खोली मोतिया करून दिली. माझी दोन दिवसांची मजुरी गेली, त्यांचे रंगाचे पैसे गेले.

पश्चिमेच्या खोलीत मात्र उलटं. एप्रिल-मेत चारच्या उन्हात मोतिया डोळ्यांवर येतो, रात्री पिवळा दिवा लावला की भिंत हळदीची वाटते. आपल्या आया-आज्या चुन्यात नीळ घालायच्या, ती हा पिवळेपणा मारायलाच. शिवाय काळ्या मातीची धूळ आणि स्विचबोर्डाजवळचे बोटांचे डाग मोतियावर लगेच उठून दिसतात. अशा खोलीला मी स्वतः राखाडीच सुचवतो.

शेडला उजेड परतवण्याचा आकडा असतो, 0 ते 100, त्याला एलआरव्ही म्हणतात. आकडा जितका मोठा तितकी खोली उजळ. इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं तो विचारलेला मी ऐकला नाही.

पुढच्या लेखात एवढं जरूर छापा: आधी लहान डबा आणावा. पुट्टी-प्रायमर झालेल्या दोन भिंतींवर दोन-दोन फुटांचा पट्टा, दोन हात देऊन मारावा. तो सकाळी, दुपारी आणि रात्री घरच्याच दिव्याखाली बघावा, मगच मोठ्या डब्यांची ऑर्डर द्यावी. रंगाऱ्यानं घाई केली तरी ऐकू नये.

आपला,
एक रंगारी, परभणी