साबला पाच ओळींत निकालात काढू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बंद पडलेल्या कार कंपन्यांवर लेख आला, त्यात स्वीडनच्या साबला जेमतेम पाच ओळी दिल्यात आणि निष्कर्ष काय तर अतिशहाण्या इंजिनिअरांनी विचित्र गाड्या काढल्या, लोकांनी घेतल्या नाहीत, कंपनी बुडाली. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. पत्र लांबेल, कात्री लावलीत तरी हरकत नाही, फक्त टर्बोचा भाग कापू नका प्लीज.

मी चिंचवडचा, उभी नोकरी स्कूटरच्या टू-स्ट्रोक इंजिनांत गेली, आता रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. मुलगा गोटेनबर्गला असतो. तिकडे दोनदा उन्हाळ्यात राहून आलो आणि दोन्ही वेळा ट्रोलहेटन या साबच्या गावी तिच्या म्युझियममध्ये गेलो, दुसऱ्या वेळी सूनबाई म्हणाली बाबा परत तेच? म्हटलं हो, परत तेच. इथे सोसायटीत व्होल्वो म्हटलं की लोकांना शिवनेरी आठवते आणि साब म्हटलं की वॉचमनचा सलाम, त्यामुळे या विषयावर बोलायला माणूसच मिळत नाही, तुमच्या लेखाने निमित्त दिलं.

साब हे नावच मुळी विमान कंपनीचं, स्वेन्स्का एरोप्लान आक्तीबोलागेत याची आद्याक्षरं. १९३७ ला सुरू झाली ती लष्करी विमानं बनवायला. महायुद्ध संपत आलं तसं त्यांच्या लक्षात आलं की आता एवढी विमानं घेणार कोण, मग छोटी कार करायचं ठरलं. गुन्नार ल्युंगस्ट्रॉम हा विमानांवर काम केलेला इंजिनिअर, सिक्स्टन सासोन हा चित्रकार-डिझायनर, आणि बरोबर मोजकी माणसं. त्यांची पहिली गाडी, तिला उरसाब म्हणतात, ती म्युझियममध्ये आहे. काळी, चाकं जवळजवळ झाकलेली, बाजूने बघितलं तर विमानाचा पंख कापून आणून खाली ठेवलाय असं वाटतं. १० जून १९४७ ला ती पत्रकारांना दाखवली आणि १९४९ च्या डिसेंबरात साब ९२ चं उत्पादन सुरू झालं. ७६४ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, २५ हॉर्सपॉवर, इंजिन आडवं बसवलेलं आणि पुढची चाकं ओढणारी, म्हणजे आज आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांची जी मांडणी आहे ती यांनी तेव्हाच धरली होती. डिकीला बाहेरून झाकणच नव्हतं, मागची सीट पाडून सामान आत ढकलायचं! आणि सुरुवातीच्या सगळ्या गाड्या हिरव्या, विमानांचा रंग उरला होता तो संपवला असं सांगतात.

आता टू-स्ट्रोक. ज्यांनी जुन्या स्कूटरी चालवल्यात त्यांना पंपावरचं ते ऑईलचं माप आठवत असेल, आधी ऑईल मग पेट्रोल आणि वर गाडी थोडी हलवायची. साबचंही अगदी तेच, पेट्रोलबरोबर जे ऑईल जाईल तेवढंच इंजिनाला वंगण. पण यात एक गोम आहे. घाट उतरताना तुम्ही थ्रॉटल बंद केलंत आणि गाडी गियरमध्येच ठेवलीत की इंजिन उताराने गरागरा फिरतंय पण पेट्रोल जात नाही, म्हणजे ऑईलही जात नाही, आणि मग एखाद्या वळणावर पिस्टन जाम. खंबाटकीत अशी जाम झालेली किती इंजिनं आम्ही उघडली असतील त्याचा हिशोब नाही. साबवाल्यांनी काय केलं तर गियरबॉक्समध्ये फ्रीव्हील टाकलं, सायकलचं असतं तसंच, पायडल थांबवलं तरी चाक फिरत राहतं. एक्सलरेटर सोडला की इंजिन शांतपणे आयडलला, गाडी आपली घरंगळतेय. १९५० च्या आसपास कारमध्ये हे! आम्ही मात्र गिऱ्हाइकाला सांगायचो, काका उतारावर क्लच दाबत चला.

आणि हे धूर सोडणारं इंजिन घेऊन एरिक कार्लसनने काय काय जिंकलं बघा. १९६०, ६१, ६२ अशी ओळीने तीन वर्षं ब्रिटनची आरएसी रॅली, मग १९६२ आणि ६३ ची माँटे कार्लो. साब ९६ ची ताकद आमच्या हल्लीच्या मोठ्या बाईक एवढी आणि समोर कोण कोण दिग्गज. हा माणूस उजव्या पायाने एक्सलरेटर दाबलेलाच ठेवायचा आणि डाव्या पायाने ब्रेक मारायचा म्हणजे इंजिनाचा वेग पडत नाही. गाडी इतक्यांदा उलटी केली की नावच पडलं छपरावरचा कार्लसन. पुढे धुराचे नियम आले तसं टू-स्ट्रोक गेलं आणि फोर्डचं व्ही-४ आलं, ते असो, मला त्या इंजिनाबद्दल फार ममत्व नाही.

मुलाच्या शेजारी एक रिटायर्ड शाळामास्तर आहेत, त्यांच्याकडे १९८० च्या दशकातली साब ९०० आहे. एकदा म्हणाले बसा, चक्कर मारून आणतो, आणि किल्ली माझ्या हातात दिली, लावा म्हणाले. मी स्टिअरिंगच्या उजवीकडे बघतोय, डावीकडे बघतोय, वाकून खाली बघतोय, भोक कुठेच नाही, आणि म्हातारा गालातल्या गालात हसतोय. किल्ली लावायची जागा दोन सीटच्या मध्ये, गियरच्या दांड्यापाशी! कारण काय तर अपघातात गुडघा किल्लीवर आपटून वाटी फुटू नये. आणि किल्ली काढायची तर आधी रिव्हर्स टाकावा लागतो, रिव्हर्स टाकून किल्ली काढली की गियरबॉक्सच लॉक. मग त्यांनी बॉनेट उघडून दाखवलं, ते पुढच्या बाजूला उघडतं, अख्खं, फेंडरच्या कडेसकट. आत बघितलं आणि मी दोन मिनिटं गप्पच, कारण इंजिन उलटं बसवलंय. क्लच पुढे, रेडिएटरकडे तोंड करून, आणि गियरबॉक्स इंजिनाच्या खाली. गॅरेजवाला माणूस याचा अर्थ लगेच ओळखेल, क्लच प्लेट बदलायला इंजिन उतरवायचं नाही, गियरबॉक्स उतरवायचा नाही, समोर उभं राहून काम. ज्याने आयुष्यात एकदा तरी गाडीखाली उताणं पडून छातीवर गियरबॉक्स झेललाय त्याला विचारा हा विचित्रपणा आहे का.

टर्बोकडे येतो, म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. साबने टर्बो शोधला असं लोक ठोकून देतात, ते खरं नाही, अमेरिकेत १९६२ लाच टर्बो कार आल्या होत्या, बीएमडब्ल्यू आणि पोर्शनेही साबच्या आधी काढल्या. पण त्या स्पोर्टी प्रकरणं होती, वरच्या आरपीएमला एकदम धक्का मारणारी. साबकडे मोठं सहा सिलिंडर इंजिन बनवायला पैसे नव्हते, मग त्यांनी आहे त्याच दोन लिटर इंजिनाला छोटा टर्बो लावला आणि वेस्टगेटने, म्हणजे जादा धूर बाजूने सोडून देणाऱ्या झडपेने, दाब असा आवरला की रोज पोरांना शाळेत सोडायच्या वेगातही ताकद मिळावी. ही ९९ टर्बो, १९७७ ची, १४५ हॉर्सपॉवर. नंतर १९८० च्या दशकात एपीसी नावाची यंत्रणा आणली, इंजिनावर एक सेन्सर, तो नॉकिंग, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठकठक, ऐकतो आणि झालं की टर्बोचा दाब कमी करतो, म्हणजे पेट्रोल हलकं मिळालं तरी इंजिन सांभाळून घेतं. आज आपल्याकडे शोरूममध्ये एक लिटर, सव्वा लिटरच्या टर्बो-पेट्रोल गाड्या मिळतात, सेल्समन पोरगा छोटं इंजिन मोठी ताकद म्हणून सांगतो, ती वाट रोजच्या वापराच्या गाडीत साबनेच पाडली. हेडलाइटला वायपर (१९७०), गरम होणारी सीट (१९७१), मागून धडक बसली तर मान सांभाळायला आपोआप पुढे येणारा हेडरेस्ट (१९९७ ची ९-५), हे सगळं त्यांच्या गाड्यांत आलं. आणि रात्री एक बटण दाबलं की स्पीडोमीटर सोडून सगळा डॅशबोर्ड अंधार, विमानासारखा. ते बटण मला माझ्या गाडीत हवंय.

मग बुडाली का? माझं म्हणणं एवढंच की विचित्र होती म्हणून नव्हे. जगभर प्रोफेसर, आर्किटेक्ट, डॉक्टर असली मंडळी ती विचित्र होती म्हणूनच घेत होती आणि एकदा घेतली की दुसरी पण साबच. अडचण आकाराची होती. चांगल्यात चांगलं वर्ष २००६ चं, त्यात सुमारे १ लाख ३३ हजार गाड्या गेल्या, एवढ्याशा आकड्यावर नवीन मॉडेलचा खर्च निघत नाही. १९८४ च्या ९००० साठी त्यांनी फियाट, लान्चिया, अल्फा रोमिओ यांच्याबरोबर पायाभूत सांगाडा वाटून घेतला, तो पैसे वाचवायलाच. तरी जमेना तेव्हा १९९० च्या सुरुवातीला जनरल मोटर्सने ६० कोटी डॉलर मोजून निम्मी कार कंपनी घेतली आणि २००० साली उरलेली निम्मी.

इथून पुढचा भाग मला चीड आणणारा आहे. १९९३ ची नवी ९०० आली ती जनरल मोटर्सच्याच ओपेल व्हेक्ट्राच्या सांगाड्यावर. तेही एक वेळ चालून गेलं. पण ९-५ ही गाडी १९९७ ला आली आणि थोडीफार रंगरंगोटी करत २००९ पर्यंत तीच विकली, बारा वर्षं! समोर जर्मन कंपन्या तेवढ्यात दोन-दोन पिढ्या बदलून मोकळ्या. २००२ च्या ९-३ मधून मागचं मोठं हॅचबॅकचं दार काढून टाकलं, म्हणजे ज्या गोष्टीसाठी लोक साब घ्यायचे तीच नाही. आणि अमेरिकेत कहर म्हणजे जपानची सुबारू इम्प्रेझा घेऊन तिच्यावर साबचं तोंड चिकटवलं, ९-२एक्स, लोक तिला साबारू म्हणायला लागले, आणि शेवरोलेची एक थोराड एसयूव्ही घेऊन तिला ९-७एक्स. तिच्यात किल्ली तेवढी आठवणीने दोन सीटच्या मध्ये ठेवली होती. देव्हाऱ्यातला देव काढून नेला आणि घंटा तेवढी ठेवली.

पण साबचे चाहते सगळं खापर जनरल मोटर्सवर फोडतात तेही मला पटत नाही. साब स्वतःच्या जोरावर उभी असती तर विकायलाच काढली नसती, आणि तोटा त्या कंपनीने वर्षानुवर्षं भरला हेही खरं. शिवाय फोर्डने १९९९ ला व्होल्वो कार घेतली, २०१० ला चीनच्या गीलीला विकली, आणि व्होल्वो आज धडधाकट आहे, म्हणजे परक्याच्या घरी गेलं की मरतंच असंही नाही. व्होल्वोला नव्या गाड्या काढायला पैसा मिळाला, साबला स्टिकर मिळाले.

२००८ च्या मंदीत जनरल मोटर्सच गटांगळ्या खायला लागली. साब घ्यायला आधी कोनिगसेग ही स्वीडनचीच छोटी स्पोर्ट्सकार कंपनी आली, २००९ च्या नोव्हेंबरात मागे फिरली. मग २०१० च्या फेब्रुवारीत हॉलंडच्या स्पायकरने घेतली, व्हिक्टर म्युलर नावाचा माणूस, ज्याची कंपनी वर्षाला मूठभर स्पोर्ट्सकार बनवायची. मुंगीने हत्ती विकत घेतला. त्या वर्षी तीसेक हजार गाड्या निघाल्या, आणि २०११ च्या एप्रिलमध्ये सप्लायरांचे पैसे थकले म्हणून लाईन थांबली. आमच्या भोसरीत हे चित्र सगळ्यांच्या ओळखीचं आहे, एका व्हेंडरने माल अडवला की दुसरा अडवतो, तिसरा ट्रक गेटवरून परत नेतो. उन्हाळ्यात पगार लांबले. चीनच्या यंगमन आणि पांग दा या कंपन्या पैसे घालायला तयार होत्या पण जनरल मोटर्सने आपलं तंत्रज्ञान चिनी हातात द्यायला नकार दिला. १९ डिसेंबर २०११, दिवाळखोरी. पन्नासेक हजार वस्तीच्या ट्रोलहेटनमध्ये साडेतीन हजारांच्या आसपास नोकऱ्या, नाताळ आठवड्यावर आलेला. गिरणगावात ज्यांचं बालपण गेलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

तेव्हा खरेदीदारांच्या बातम्यांत आपल्या महिंद्राचंही नाव आलं होतं, मी रोज पेपर उघडून बघायचो. शेवटी २०१२ ला नेव्हस नावाच्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंपनीने घेतली, २०१३-१४ मध्ये थोड्या पेट्रोल ९-३ काढल्या, मग त्यांनाही पैसे पुरेनात आणि साब हे नाव वापरायचा हक्क गेला. विमानवाली साब वेगळी, ती जोरात आहे, ग्रिपेन हे लढाऊ विमान तीच बनवते. आणि साबच्या गाडीवरचा तो मुकुट घातलेला लाल गरुडमुखी प्राणी बघायचा असेल तर स्कॅनियाची बस आली की तोंडाकडे बघा, दोन्ही कंपन्या १९६९ ला एकत्र आल्या होत्या, तेव्हापासूनचं नातं.

मास्तरांची ९०० अजून चालते. सुट्या भागांची कंपनी स्वीडन सरकारकडे गेली आणि चालू राहिली, त्यामुळे पार्ट मिळतात. मागच्या हिवाळ्यात क्लच प्लेट बदलली, पुढून, उभ्या उभ्या, आणि व्हिडिओ कॉल लावून मला दाखवली.

जाता जाता, लेखाबरोबर साब म्हणून जो फोटो छापलाय तो साबचा नाही. ती व्होल्वो २४० आहे. दुरुस्ती छापावी ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक, चिंचवड