सेन्सरची वायर सुटलेली, दोष मात्र आमच्या पाण्याला

प्रति,
मुख्य व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : कपडे वाळवायच्या ड्रायरचा ओलावा सेन्सर सदोष असताना वॉरंटी नाकारल्याबद्दल

महोदय,

तुमच्या पुण्याच्या कार्यालयातले वरिष्ठ अधिकारी काल फोनवर माझ्याशी ज्या पद्धतीनं बोलले, ते ऐकल्यावर मी ठरवलं की यापुढं तुमच्या नंबरवर फोन लावायचा नाही. जे काही असेल ते आता लेखी. पत्र मोठं आहे. पूर्ण वाचा, कारण फोनवर माझं म्हणणं तुमच्यापैकी एकानंही पूर्ण ऐकून घेतलेलं नाही.

माझ्याकडं तुमचा कंडेन्सर ड्रायर आहे आणि तो वॉरंटीत आहे. बिघाड असा. ऑटो प्रोग्रॅमवर कपडे लावले की स्क्रीनवर पावणेदोन तास दिसतात. पंधरा-वीस मिनिटं ड्रम फिरतो, मग वेळ एकदम खाली येतो, थंड हवेचा टप्पा लागतो आणि मशीन शिटी मारून थांबतं. दार उघडावं तर चादरी पिळून निघतील इतक्या ओल्या. त्याच चादरी, त्याच मशीनमध्ये, वेळ ठरवून दीड तास लावल्या की खडखडीत वाळून निघतात. ऑटोवर पाण्याच्या टाकीत तळाशी जेमतेम ओल असते, वेळ ठरवून लावलं की टाकी भरते.

मशीन तुमचं आहे, तेव्हा याचा अर्थ तुम्हाला मी सांगायची गरज नसावी. हीटर चालू आहे, पंखा चालू आहे, पाणी ओढणारा पंप चालू आहे. कपडे वाळले की नाही हे ठरवणारी यंत्रणा तेवढी आंधळी झाली आहे. ड्रममध्ये दाराच्या खालच्या अंगाला ज्या दोन धातूच्या पट्ट्या आहेत, त्या दोन्हींना ओला कपडा एकाच वेळी टेकला की त्यातून बारीकसा करंट जातो आणि मशीन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला कळतं की कपडे अजून ओले आहेत. कपडा वाळत जातो तसा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, वाढतो, करंट जायचा थांबतो आणि बोर्ड मशीन बंद करतो. आता पट्टीपासून बोर्डापर्यंतची एखादी वायरच तुटलेली असेल, तर ओला कपडा टेकला तरी करंट जाणार कुठून? बोर्ड समजतो कपडे वाळले. म्हणून मशीन लवकर थांबतं. हे मी पहिल्याच फोनवर सांगितलं होतं. तेव्हा मला लिंट फिल्टर, म्हणजे कपड्यांचा भुसा अडवणारी जाळी, साफ करायला सांगण्यात आलं.

फिल्टर साफच होता, तरी पुन्हा केला. कंडेन्सर, म्हणजे वाफेचं पाणी करणारा भाग, काढून नळाखाली धुतला. पट्ट्यांवर कपड्यांच्या कंडिशनरचा थर बसतो म्हणून कंडिशनर वापरणं बंद केलं, आणि दोन्ही पट्ट्या स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून अगदी चकचकीत केल्या. चार-दोनच कपडे टाकले तर ते पट्ट्यांना टेकत नाहीत आणि मशीन फसतं, म्हणून ड्रम नीट भरून लावला. जाड सतरंजीसोबत पातळ कपडे मिसळले नाहीत. तुम्ही जे जे सांगितलं ते सगळं केलं आणि प्रत्येक वेळी फोन करून कळवलं. प्रत्येक वेळी नवीन माणूस, आणि प्रत्येक नव्या माणसानं पुन्हा लिंट फिल्टरपासून सुरुवात केली.

मग तुमचा माणूस आला आणि मीटर न लावताच बोर्ड बदलून गेला. नवा बोर्ड, तीच तक्रार. ज्या बोर्डात दोष नव्हता तो काढला, आणि जिथं दोष होता तिकडं पाहिलंही नाही.

दुसऱ्यांदा लातूरहून तरुण पोरगा आला. पोराबद्दल माझी तक्रार नाही, हे आधी लिहून ठेवतो. त्यानं पुढचं पॅनल उघडलं, सर्व्हिस मोड लावला, म्हणजे सेन्सरचं रीडिंग स्क्रीनवर दिसतं. मी ओला नॅपकिन दोन्ही पट्ट्यांवर आडवा दाबून धरला. स्क्रीनवरचा आकडा जागचा हलला नाही. त्याच्याकडं मीटर नव्हतं. इलेक्ट्रॉनिक मशीन दुरुस्त करायला तुम्ही माणूस पाठवता आणि त्याच्या बॅगेत मल्टीमीटर देत नाही! मी माझं दिलं. प्लग काढून एका पट्टीपासून कनेक्टरपर्यंत कंटिन्युटी पाहिली, म्हणजे वायर सलग आहे का ते तपासलं; बीप वाजला, म्हणजे सलग. दुसऱ्या पट्टीला काही नाही. वायर बोटात धरून कनेक्टरकडं जरा ढकलली की बीप, सोडली की गप्प.

कनेक्टरची पिन बाहेर ओढून पाहिली तर थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी, वायरच्या तांब्यावर दाबलेलंच नव्हतं. ते प्लास्टिकच्या आवरणावर दाबलेलं होतं. आतली दोन-तीन तारांची टोकं कशीबशी पत्र्याला टेकलेली, बाकीच्या तारा मागं मोकळ्या. ड्रम हलला की टेकायचं, हलला की सुटायचं. हे काम कारखान्यात झालेलं आहे, माझ्या घरात नाही. मी अंबाजोगाईत मोटार रिवायंडिंग करतो. असलं थिंबल माझ्या दुकानात नव्या पोरानं दाबलं तर मी ते कापून पुन्हा दाबायला लावतो, कारण त्याच्या पुढं शेतकऱ्याची मोटार विहिरीत उतरणार असते.

तुमच्या पोरानंही ते डोळ्यांनी पाहिलं. म्हणाला, "काका, बरोबर आहे तुमचं. पण मला वायर जोडायची परवानगी नाही. पूर्ण वायरिंग सेट मागवावा लागतो, त्याला वरून मंजुरी लागते." ठीक आहे, म्हटलं मागव. मी स्वतः ते थिंबल पाच मिनिटांत बदलू शकलो असतो. हात लावला नाही, कारण बाहेरच्या माणसानं हात लावला तर वॉरंटी जाते असं तुमच्याच कार्डावर छापलंय. मी तुमचा नियम पाळला.

आणि जॉब शीटवर काय लिहून आलं? "ग्राहकाकडील पाणी क्षारयुक्त. सेन्सर साफ केला. मशीन व्यवस्थित." पोराला त्याच रात्री फोन करून विचारलं. तो म्हणाला की शीट त्यानं भरली नाही, ऑफिसातून भरली गेली. म्हणजे माझ्या ओसरीत उघडलेल्या मशीनमध्ये काय सापडलं, हे मशीन न पाहिलेल्या माणसानं ठरवलं. त्याच शीटच्या आधारावर आता सांगता की पाण्यामुळं झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही.

पाण्याचंही बोलू. आमच्याकडं बोअरचं पाणी जड आहे हे खरं. पण क्षाराचं पाणी वीज कमी नाही, जास्त वाहतं. त्या पाण्यात धुतलेला कपडा पट्ट्यांना टेकला तर सेन्सरला तो आहे त्यापेक्षा जास्त ओला वाटेल आणि मशीन जास्त वेळ चालेल. माझं मशीन तर वेळेआधी थांबतंय. राहता राहिला पट्ट्यांवर बसणारा क्षाराचा थर. तो करंट अडवतो आणि मशीन लवकर थांबवू शकतो, हे मला मान्य. पण पट्ट्या स्पिरिटनं पुसून झाल्या होत्या आणि तुमच्या माणसानंही त्या पुसल्या, असं तुमचीच शीट म्हणते. थर गेला तरी बिघाड राहिला. मग पाण्याचा संबंध उरतो कुठं? आणि जड पाणी चालत नसेल, तर मराठवाड्यात मशीन विकताना तसं का नाही सांगितलं? 2016 साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते सगळ्या देशानं पाहिलं. इथलं पाणी कसं आहे, किती आहे, हे दुकान थाटायच्या आधी तुम्हाला माहीत नव्हतं असं समजू का?

आता कालच्या फोनबद्दल. हा भाग मी सविस्तर लिहितोय आणि तो तुम्ही तुमच्या रेकॉर्डिंगशी ताडून पाहावा. 'गुणवत्तेसाठी हा कॉल रेकॉर्ड केला जात आहे' असं तुमचं मशीनच सांगत होतं.

बराच वेळ वाट पाहिल्यावर वरिष्ठ साहेब लाइनवर आले. मराठीतच बोलत होते. मी थिंबलचं सांगायला लागलो तर मध्येच तोडून म्हणाले, "तुम्ही बीड जिल्ह्यातून बोलताय ना?" म्हटलं हो, अंबाजोगाईहून. "मग तुमच्याकडं पाऊस तरी असतो का एवढा? ऊन तर भरपूर असतं. दोरीवर टाकले तरी वाळतील की कपडे." मागं कुणीतरी हसलं, ते मला स्पष्ट ऐकू आलं.

मी म्हटलं, साहेब, भाद्रपदात इथं एकदा भीज पाऊस धरला की सूर्य दिसत नाही. 2025 च्या सप्टेंबरात याच मराठवाड्यात मांजरा आणि सिंदफणा काठची गावं पाण्यात होती, ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. ते म्हणाले, "ओके ओके." मी पुन्हा वायरवर आलो. कंटिन्युटी येत नाही म्हटलं. तर म्हणाले, "हे बघा, मल्टीमीटर वगैरे तुम्ही लावत जाऊ नका, ते टेक्निकल काम असतं. सेन्सर म्हणजे काय असतं माहितीये का तुम्हाला?"

अर्धं आयुष्य मी मोटारींच्या वायंडिंगमध्ये हात घालून काढलंय. मी त्यांना सेन्सर म्हणजे काय ते सांगितलं, पट्ट्यांपासून बोर्डापर्यंत. पलीकडं शांतता. मग कीबोर्डचा आवाज, आणि मग, "तुमची तक्रार सिस्टिममध्ये क्लोज दाखवतेय, सर. मशीन व्यवस्थित आहे." मी विचारलं, कुणी सांगितलं व्यवस्थित आहे? मी इथं मशीनशेजारी उभा आहे, आत ओली चादर आहे. ते म्हणाले, "सिस्टिम तसं दाखवतेय." मी म्हटलं, तुम्ही सिस्टिमला विचारता, मशीनला का विचारत नाही? त्यावर गाणं लागलं, आणि गाण्यातच फोन कट झाला.

ऊन भरपूर असतं म्हणे! हा ड्रायर मी हौसेनं घेतलेला नाही. आईला अर्धांगवायू झाल्यापासून ती अंथरुणाला खिळून आहे. दिवसातून कितीदा चादर बदलावी लागते हे ज्याच्या घरात असं माणूस आहे त्यालाच कळेल. ओलसर चादरीवर पडून राहिलं की पाठीला जखमा होतात, डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलंय. पावसाळ्यात दोरीवर टाकलेल्या चादरी दोन दिवस वाळत नाहीत, कुबट वास मारतात. म्हणून उधारउसनवारी करून हे मशीन घेतलं. ऑटो प्रोग्रॅमवर लावून बायको आईजवळ बसेल, एवढाच हिशेब होता. आता ती मशीनजवळ उभी राहून दर वेळी हातानं चादर चाचपून पाहते आणि अंदाजानं वेळ लावते. जास्त लागली तर लाइट बिल, कमी लागली तर ओली चादर. ऑटोचे पैसे मी भरलेत आणि मिळालाय टायमर.

पुन्हा सांगतो, जॉब शीट खोटी आहे. त्यावर माझी सहीही नाही.

माझ्या दुकानात जळालेली मोटार घेऊन शेतकरी येतो. त्याचं पीक सुकत असतं, तो घाईत असतो, कधी रागात असतो. मीटर लावल्याशिवाय मी त्याला कधी म्हटलेलं नाही की तुझी विहीर खराब, तुझं व्होल्टेज खराब. आधी मोटार खोलतो, वायंडिंग दाखवतो, मग बोलतो. तुमची एवढी मोठी कंपनी, आणि हे एवढं तुमच्याकडून होत नाही याचं मला वाईट वाटतं. आमच्या घरातलं वॉशिंग मशीन तुमचंच आहे. बहिणीच्या लग्नात फ्रिज दिला, तोही तुमचाच. गल्लीत कुणी विचारलं तर मी तुमचं नाव सांगायचो. आता विचारणाऱ्याला मी हे थिंबल दाखवणार आहे.

मला काय हवंय ते सरळ लिहितो. सेन्सरची वायरिंग वॉरंटीत, विनामूल्य बदलून द्या. जॉब शीट दुरुस्त करून, खरं काय सापडलं ते लिहून, त्याची प्रत मला द्या. आणि कालच्या अधिकाऱ्यांनी माझ्याशी आणि माझ्या जिल्ह्याबद्दल जे उद्गार काढले त्याबद्दल लेखी माफी द्या. वायरिंग बदलूनही ऑटो प्रोग्रॅम चालला नाही तर मशीन बदलून द्यावं लागेल. येणाऱ्या माणसासोबत मीटर पाठवा.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणार आणि बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे ग्राहक जिथं राहतो तिथल्या आयोगात दाद मागता येते, त्यासाठी मला पुण्या-मुंबईला यायची गरज नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीसुद्धा लागत नाही. सदोष वस्तू आणि सेवेतली त्रुटी, दोन्ही मुद्दे मी मांडणार. आयोगासमोर मशीन उघडायची वेळ आली तर उघडू. पिन जशी होती तशीच ठेवली आहे.

आपला ग्राहक,
मोटार रिवायंडिंग कारागीर,
अंबाजोगाई, जि. बीड

सोबत : खरेदीची पावती, वॉरंटी कार्ड आणि जॉब शीटची झेरॉक्स, कनेक्टरच्या पिनचे आणि मीटरच्या रीडिंगचे फोटो.