मासा लागल्यावर पुढे काय?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीतला गळाने मासे धरण्याबद्दलचा लेख वाचला. काठी, रीळ, आमिष यांची माहिती नीट दिली आहे. पण मासा लागल्यावर गळ कशाने सोडवायचा, तंगूस, म्हणजे गळ बांधलेली बारीक दोरी, कशाने कापायची, यावर त्यात एक ओळही नाही. माझा जन्म फिटरच्या कामात गेला आणि सुट्ट्या गळ टाकण्यात. पेटी उघडली की माझी नजर आधी हत्यारांवर जाते, आणि बहुतेकांच्या पेटीत तीच नसतात.

पहिला मान लांब चोचीच्या पकडीचा, म्हणजे नोज प्लायरचा. माशाच्या जबड्यात बोटे घालून गळ ओढला तर जबडा फाटतो, आणि मासा उसळला की तोच गळ आपल्या बोटात शिरतो. पकडीने गळाचा वाकलेला भाग धरायचा आणि तो शिरला त्याच वाटेने उलटा फिरवायचा. मासा परत सोडायचा असेल तर आधी हात ओले करा. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याला रोगांपासून वाचवतो आणि कोरड्या हाताने तो निघून जातो. गळ पोटापर्यंत गिळला असेल तर ओढाताण नको, तोंडाजवळ तंगूस कापून मासा सोडावा.

याच पकडीने गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा दाबून सपाट करता येतो. तंगूस ताणलेली ठेवली तर त्यामुळे फारसे मासे सुटत नाहीत, आणि गळ काढणे कितीतरी सोपे होते. नवशिक्याने, त्यातही मुलांना सोबत नेणाऱ्याने, हे करावेच. उलट्या काट्याचा गळ बोटात रुतला तर तो मागे ओढून निघत नाही. अशा वेळी दवाखाना गाठावा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारावे. डोळ्याजवळ रुतला असेल तर त्याला हातसुद्धा लावू नये.

कापण्यासाठी साध्या नायलॉनला नेलकटर पुरतो. विणलेल्या दोरीला मात्र तो चालत नाही, ती नुसती चावल्यासारखी होऊन तिचे धागे सुटतात. तिच्यासाठी बारीक दात्यांची छोटी कात्री हवी. दाताने तर काहीच कापू नये. गळ पाण्यात बुडावा म्हणून तंगुसावर वजनाला बसवायच्या शिशाच्या फटीच्या गोळ्या दाताने दाबून बसवणारे मी पाहतो तेव्हा जीव कळवळतो, कारण शिसे विष आहे. पाण्यात पडलेल्या अशा गोळ्या गिळून हंस मरू लागले, म्हणून ब्रिटनने १९८७ पासून ०.०६ ते २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या वजनांची गळासाठी विक्री बंद केली. आता पोलादाची, टंगस्टनची वजने मिळतात, ती घ्यावीत. हाताशी शिसेच असेल तर ते निदान पकडीने दाबावे.

बारीक कानस ठेवावी. गळाचे टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून सरकवा. घसरले तर बोथट, रुतले तर धारदार. कानस टोकाच्या दिशेने दोनचारदा फिरवली की काम होते. जास्त घासले तर टोक पातळ होऊन वाकते. अंधार पडेपर्यंत बसणाऱ्याने डोक्याला बांधायची बॅटरी घ्यावी, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. झाकणाची एक छोटी डबीही हवी, ती कापलेल्या तंगुसाच्या तुकड्यांसाठी. नायलॉन वर्षानुवर्षे कुजत नाही आणि पक्ष्यांच्या पायांना त्याचा फास बसतो. डबी पेटीत असली की तुकडे काठावर टाकून जायला कारण उरत नाही.

पकडीला आणि कात्रीला दोरी बांधून ती कमरेला अडकवा. पाण्यात पडलेली पकड परत मिळत नाही. खाऱ्या पाण्यावरून आल्यावर दोन्ही गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, सांध्यावर तेलाचा थेंब सोडावा. दोन वेळा हे टाळले की सांधा गंजून जाम होतो, मग ऐन वेळी ती उघडत नाही.

लेखाचा पुढचा भाग येणार असे आपण छापले आहे. त्यात उलटा काटा सपाट करण्याची आणि गळ उलटा फिरवून काढण्याची कृती चित्रांसह द्यावी, ही विनंती. शब्दांत ती नीट समजत नाही, मीसुद्धा दुसऱ्याचा हात पाहूनच शिकलो.

आपला,
एक निवृत्त फिटर