दिसत नाही, म्हणून आजार नाही?

महोदय,

गेली अनेक वर्षे मला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. या विकारात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये तो दोन ते तीन पटींनी अधिक आढळतो. सकाळी बोटे इतकी आखडलेली असतात की दुधाची पिशवी कात्रीनेही कापता येत नाही. दुपारी त्याच हातांनी मी संगणकावर काम करते, तेव्हा सहकाऱ्यांना माझे उशिरा येणे हे निव्वळ निमित्त वाटते. पाय प्लास्टरमध्ये असला की चौकशीला रीघ लागते, पण वर्षानुवर्षांचे दुखणे मात्र ‘हिचे रोजचेच आहे’ असे म्हणून निकालात काढले जाते. (सल्ले देणारे कधी थकत नाहीत: दही सोडा, वांगे सोडा आणि त्या गोळ्या तर आधी सोडा. मेथोट्रेक्सेट हे या विकारावरचे औषध परस्पर बंद केल्यास सांध्यांची हानी पुन्हा वाढू शकते, हे त्यांना कोण सांगणार?)

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि त्यांत सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया यांसारखे वरवर न दिसणारे आजारही आले, हे स्वागतार्हच आहे. तथापि नोकरीतील आरक्षणासारख्या लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते, आणि दिवसागणिक कमीजास्त होणारे दुखणे एका तपासणीत मोजणे कठीण असते. ज्यांना प्रमाणपत्र मिळत नाही, त्यांनाही तज्ज्ञ डॉक्टरांच्या दाखल्यावर कामाची वेळ तासाभराने पुढे घेण्याची मुभा आस्थापनांनी द्यावी. संध्याकाळी तेवढाच वेळ अधिक थांबण्याची आमची तयारी आहे.

— एक वाचक, सातारा