मनाच्या आजाराची गोळी: चिठ्ठी कोणाकडून घ्यावी?

संपादक महोदय,

निपाणीचा पेशंट कोल्हापूरला, खानापूरचा बेळगावला नाहीतर थेट धारवाडच्या डिमहान्सला (मनाच्या आजारांच्या मोठ्या सरकारी दवाखान्याला), अथणी-कागवाडकडचा मिरजेला. सीमाभागात मनाच्या आजाराचा डॉक्टर ठरतो तो बसच्या सोयीने आणि पाहुण्यांच्या सल्ल्याने. त्यात वावगे काही नाही. पण या गोळ्या तापाच्या गोळ्यांसारख्या पाच दिवसांत संपत नाहीत. नैराश्याची गोळी बरे वाटल्यावरही सहा ते नऊ महिने चालवतात, काही आजारांत वर्षानुवर्षे. म्हणून पंधरा दिवसांनी आणि दीड महिन्याने हाच डॉक्टर भेटणार का, हे पहिल्या फेरीआधीच विचारून घ्यावे.

पदवीचे थोडक्यात: एमडी सायकिअ‍ॅट्री, त्याच शाखेतला डीएनबी किंवा डीपीएम (मानसोपचाराची पदविका) झालेला तो मानसोपचारतज्ज्ञ, औषध लिहिणारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या आणि समुपदेशन करतात, औषध लिहीत नाहीत, पाटीवर ‘डॉ.’ मात्र दोघांच्याही आधी असू शकते. साध्या नैराश्याचे किंवा चिंतेचे औषध गावातल्या एमबीबीएस डॉक्टरनेही सुरू करायला हरकत नाही. भास, संशय, झोपेविना चाललेला अति उत्साह, बाळंतपणानंतर बदललेले वागणे किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार असतील तर तज्ज्ञच हवा. चिठ्ठीवरचा नोंदणी क्रमांक राज्य वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर ताडून पाहता येतो.

भाषेची चौकशी फोनवरच करावी. (भाषावादाशी याचा संबंध नाही, घरी कन्नड बोलणारे आणि पेशंटशी उत्तम मराठी बोलणारे डॉक्टर आपल्याकडे आहेत.) या शाखेत निदान बोलण्यावरच होते. ‘उलघाल होते’, ‘डोकं भणभणतं’, ‘कुणी तरी करणी केलीय’ यांतला फरक डॉक्टरला कळला नाही तर औषध चुकते. सून दुभाषी झाली की सासऱ्याच्या मनातले मरणाचे विचार अर्ध्यातच गिळले जातात. नैराश्याच्या बऱ्याच गोळ्यांनी कामेच्छा कमी होते, ती तक्रार तर मुलासमोर निघतच नाही. पेशंट गुपचूप गोळी बंद करतो आणि आजार उलटतो.

पहिल्या भेटीत डॉक्टरने थायरॉइड, साखर, बीपी, दारू, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, घरातल्या कोणाला असा आजार होता का आणि बायकांना पाळी-गरोदरपण हे विचारलेच पाहिजे. जुन्या चिठ्ठ्या आणि रिकाम्या स्ट्रिप्स बरोबर न्याव्यात. पाच मिनिटांत चार गोळ्या लिहून मिळाल्या आणि कोणती कशासाठी हे सांगितले नाही, तर दुसरीकडे जावे. एस्सिटालोप्राम ही नैराश्याची गोळी 5 किंवा 10 मिलिग्रॅमने सुरू करतात. पहिला आठवडा-दीड आठवडा मळमळ, बेचैनी, आणि गुण यायला दोन ते चार आठवडे. हे सांगितले नसले की लोक दहाव्या दिवशी डॉक्टर बदलतात. तीन गावांचे तीन डॉक्टर होतात आणि एकही गोळी पुरते दिवस पोटात जात नाही.

जोडीला क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलाम (चिंता-झोपेची गोळी) असेल तर ती कधी बंद करायची हे त्याच दिवशी लिहून घ्यावे. बहुधा दोन ते चार आठवडे पुरतात. महिनोन्महिने घेतलेली गोळी एकदम सोडली तर फिटही येऊ शकते. यांतली अल्प्राझोलाम शेड्यूल एच1 या (चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या) सरकारी यादीत आहे, मेडिकलवाल्याला तिची वेगळी नोंद तीन वर्षे ठेवावी लागते. ‘चिठ्ठी नको, ओळखीतले आहात’ म्हणणारे दुकान टाळा.

डॉक्टरचा खरा कस लिथियममध्ये (अति उत्साह आणि नैराश्य आलटून-पालटून येणाऱ्या आजाराच्या गोळीत) लागतो. औषधी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार कमी: रक्तात साधारण 0.6 ते 1.0 मिलिमोल प्रतिलिटर ठीक, 1.5 च्या वर धोका. सुरुवातीला आणि डोस बदलल्यावर पाच ते सात दिवसांनी, पुढे दर तीन महिन्यांनी तपासणी. रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचे: रात्री नऊला गोळी, सकाळी नऊला रक्त, सकाळची गोळी त्यानंतर. सहा महिन्यांनी किडनी आणि थायरॉइड. उन्हातली ऊसतोड, जुलाब, निर्जळी एकादशी यांनी अंगातले पाणी कमी झाले की पातळी चढते. कंबर दुखते म्हणून घेतलेली डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनही ती चढवते. हात जोरात थरथरणे, उलट्या, तोल जाणे, जीभ अडखळणे दिसले तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हे न सांगता लिथियम लिहिणाऱ्याकडे परत जाऊ नये.

मूल होण्याच्या वयातल्या बाईला व्हॅल्प्रोएट (फिटची, आणि अति उत्साहाच्या आजाराचीही गोळी) लिहिले तर ‘दुसरे काही नाही का?’ असे विचारावेच. गर्भात व्यंग आणि मुलाच्या बुद्धीवर परिणाम होण्याचा धोका मोठा आहे. निपाणी भागासाठी खास: विडी-सिगारेटच्या धुराने क्लोझापिन आणि ओलान्झापिन या भास-संशयाच्या आजाराच्या गोळ्या शरीरात लवकर संपतात. विडी सोडली की त्याच डोसने गुंगी येते, म्हणून सोडण्याआधी डॉक्टरला कळवावे.

गोळीचे मूळ नाव आणि मिलिग्रॅम मोठ्या अक्षरांत लिहून मागा. कोल्हापूरचा ब्रँड खानापुरात मिळेलच असे नाही, आणि लिथियम 300 साधी असते तर 400 व 450 हळूहळू सुटणाऱ्या. त्या चावून किंवा चुरून घ्यायच्या नाहीत. डॉक्टर बदलताना उपचाराची कागदपत्रे मागण्याचा हक्क मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 ने दिला आहे. कोणाकडे जावे हेच सुचत नसेल तर 14416 या टेलिमानसच्या (मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी फोन-सेवेच्या) मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

ज्यांचा डॉक्टर सीमेपलीकडे आहे त्यांनी आठवडाभराच्या गोळ्या जास्तीच्या ठेवाव्यात. सीमेवर वाद पेटला की पहिली बंद होते ती बस.

– एक फार्मासिस्ट, खानापूर तालुका